गाडी ठरवण्याआधी मिस्त्री ठरवा

पत्राचा सारांश: वाचक कराडचे. वय ५२, नोकरी सहकारी बँकेत. वडील पाटबंधारे खात्यात चालक होते आणि साहेबांची पांढरी अ‍ॅम्बेसेडर त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. आता ते ८० वर्षांचे आहेत, गुडघे धरलेले. वाचकाच्या स्वतःच्या आठवणी मात्र फियाटच्या, मे महिन्यात गिरगावातल्या मामाकडे असताना तिच्यातून फिरल्याच्या. सध्या दोन गाड्या समोर आहेत. एक पुण्यातली १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच, पहिल्यापासून एकाच घरातली, १ लाख ६० हजारांना. दुसरी कोल्हापूरची १९८४ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क फोर, २ लाख २५ हजारांना. दोन्ही पेट्रोलवरच्या. घरची वॅगनआर विकून यातली एक घ्यायची, महिन्यातून एकदा वडिलांना घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणजवळच्या गावी जायचं, पुढे व्हिंटेज नंबर काढायचा आणि लग्नसराईत गाडी भाड्याने देऊन खर्च भागवायचा, असा बेत आहे. पत्नीचा विरोध आहे. कराडमध्ये फियाटवर हात बसलेले एक जुने मिस्त्री आहेत, अ‍ॅम्बेसेडरसाठी मात्र कोल्हापूर गाठावं लागेल. प्रश्न असा: "ताकद, वेग आणि वापरायची सोय यांत दोघींपैकी सरस कोण? मित्रांत तर दोन तट पडलेत."

तुमच्या मित्रांचं भांडण साठ वर्षं जुनं आहे. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात. तोवर आपल्याकडे गाडी घ्यायची म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर किंवा मद्रासची स्टँडर्ड, एवढाच बाजार होता, आणि त्यासाठीही नंबर लावून बसावं लागायचं. एवढी वाट पाहून मिळालेल्या गाडीला घरातलं कुणी नावं ठेवत नसे. फियाटवाले अ‍ॅम्बेसेडरला रणगाडा म्हणायचे, अ‍ॅम्बेसेडरवाले फियाटला काडेपेटी. तुमचे मित्र आज जे बोलताहेत त्यातलं निम्मं त्यांच्या वडिलांचं आहे. म्हणून आधी आकडे बघू.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण ४० अश्वशक्ती, वजन ९०० किलोच्या आसपास. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं, ताकद पन्नाशीच्या घरात, वजन ११०० किलोच्या वर. आता ताकदीला वजनाने भागा. टनामागे दोघींच्या वाट्याला जवळजवळ सारखीच, पंचेचाळीसच्या आसपास अश्वशक्ती येते. ज्या मुद्द्यावर तट पडलेत तो कागदावर बरोबरीत सुटतो. एक लिटरच्या वॅगनआरमध्ये हाच हिशेब पाऊणशेच्या पुढे जातो. म्हणजे यातली कुठलीही घेतलीत तरी आज पायाखाली जेवढा जोर आहे त्याच्या निम्म्यावर काही तरी उरेल. ट्रकमागे अडकल्यावर ओव्हरटेक करायला आज जेवढा रस्ता मोकळा लागतो, त्याच्या दुप्पट लागेल असं धरूनच चालवा.

स्वभाव मात्र दोघींचे वेगळे, आणि ते चालवताना कळतात. अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, पिस्टनची धाव जवळजवळ ८९. लांब धावेचं हे इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं. तिसऱ्यात टाका, चढ येऊ दे, गाडी हुं हुं करत वर सरकत राहते. पद्मिनीत ६८ बाय ७५. ती फिरवली की खुलते, पण चढाला गिअर खाली घ्यायला उशीर केलात की दम टाकते. सपाट रस्त्याला पद्मिनी चपळ वाटते, शहरात तर फारच. लांबी चार मीटरच्या आत, रुंदी दीड मीटरहूनही कमी. कराडच्या पेठेतल्या बोळात ती जिथे वळेल तिथे अ‍ॅम्बेसेडर दोनदा मागे-पुढे करेल, तेही पॉवर स्टिअरिंग नसताना. खड्ड्यांत उलट. पंधरा इंची चाकं आणि ते वजन यांमुळे अ‍ॅम्बेसेडर खड्डा जणू विचारात घेत नाही. पद्मिनी प्रत्येक खड्ड्याची खबर पाठीला देते. ६०-६५ च्या वेगात दोन्ही सुखात असतात. कंपनीचे कमाल वेगाचे आकडे शंभराच्या बरेच पुढचे आहेत, ते ड्रम ब्रेकवर तपासून बघायचा मोह टाळा. पेट्रोल पद्मिनी थोडं कमी पिते. पण महिन्याला एखादी फेरी करणाऱ्याने लिटरमागच्या त्या दोन किलोमीटरच्या फरकावर निर्णय घेऊ नये.

तुमच्या पत्रातला मला सर्वांत जास्त खटकलेला शब्द "विकून" हा आहे.

वॅगनआर विकून चाळिशी ओलांडलेली एकुलती एक गाडी दारात ठेवायची आणि तिच्यात ८० वर्षांच्या माणसाला बसवून कुंभार्ली उतरायचा, हा बेत मला मान्य नाही. तुमच्या पत्नीचा विरोध तुम्ही एका ओळीत उरकलात, म्हणून त्यांची बाजू मी मांडतो. या गाड्यांना एअरबॅग नाही. मागच्या बाकाला पट्टे नाहीत. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर रोखलेला. पत्रा जाड म्हणून गाडी सुरक्षित, ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे. धडक बसल्यावर तो जोर कुठे तरी जिरावा लागतो. आजच्या गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं बनवतात, जोर तिथे जिरतो. जुनी गाडी शाबूत राहिली, तर तो जोर आत बसलेल्यांनी सोसलेला असतो.

ब्रेकचं तर वेगळंच. चारही चाकांना ड्रम. उतारावर सतत पाय दाबून धरला की ड्रम तापतात आणि ब्रेक मऊ पडतो. घाट उतरताना गिअरवरच गाडी रोखायची, हा तुमच्या वडिलांच्या पिढीचा नियम त्या ड्रममुळेच होता. शिवाय जुन्या मॉडेलांत ब्रेक ऑइलची वाट एकच असते. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन वाटांचा मास्टर सिलिंडर नंतर आला. कुठल्याही जुन्या गाडीत तो बसवून घेता येतो का, हे मिस्त्रीला विचारायचा पहिला प्रश्न असू दे. दुसरं, गिअर स्टिअरिंगवर, आणि पहिला गिअर गाडी थांबल्याशिवाय सुखासुखी पडत नाही. घाटातल्या कातर वळणावर दुसऱ्यात गाडी अडखळली की डबल क्लच करून, म्हणजे क्लच दोनदा दाबून आणि मध्ये न्यूट्रलला रेस देऊन, पहिला टाकता आला पाहिजे. वडिलांना तो डोळे मिटून येत असेल. तुम्हाला येतो का?

श्रावणातला कुंभार्ली डोळ्यांपुढे आणा: धुकं, समोरून येणारे ट्रक, जीव नसलेले वायपर आणि आतून धूसर होणारी काच. गावाची फेरी वॅगनआरनेच करा.

ती राहू दिलीत की सगळा प्रश्नच बदलतो. मग जुनी गाडी घरची दुसरी गाडी होते, हौसेची. रविवारी सकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापर्यंत, थंडीत एखाद्या दिवशी औंधला, अशी. मग घाट कोण चांगला चढतं याला फारसा अर्थ उरत नाही, आणि तिच्यासाठी रोज कोण धावून येणार आहे याला येतो. तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे, तुम्ही ते पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत.

कराडात फियाटवर हात बसलेला मिस्त्री असणं हे त्या दोन गाड्यांमधल्या कुठल्याही फरकापेक्षा मोठं आहे. जुनी गाडी बिघडते ती मोठ्या कारणाने क्वचित. कार्बोरेटरमध्ये कचरा, प्लॅटिनम पॉइंट जळलेले, गिअर लिंकेजचे बुश झिजलेले, डायनॅमो चार्ज करत नाही, असली कामं. ज्याच्या कानाला ते इंजिन माहीत आहे तो अर्ध्या तासात गाडी हातात देतो. ज्याला माहीत नाही तो पार्ट बदलत बसतो. कोल्हापूरला नेऊन दुरुस्त करायची गाडी तिथवर जाण्याच्या अवस्थेत असावी लागते, ही तर आणखी गंमत.

तेव्हा आधी त्या मिस्त्रींकडे जाऊन बसा. वय विचारा, हाताखाली कुणी तयार होतंय का ते बघा, आणि एक दिवसाची मजुरी देऊन त्यांना पुण्याला घेऊन जा. तुम्ही त्या गाडीवर आधीच भाळलेले आहात. त्यांना तिचं काही नाही.

गाडी बघायला जाताना मालकाला सांगा, इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन कसं उठतं, पहिल्या मिनिटात धूर कुठल्या रंगाचा, यात पुष्कळ कळतं. निळसर धूर टिकून राहिला तर पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्हकडून ऑइल जळतंय. पद्मिनीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आहे. ती कधी काळी जोरात तापली असेल तर हेड वाकलेलं असू शकतं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आणि ऑइलमध्ये दुधाळपणा आहे का, हे बघाच. पण इंजिनाची मला त्या मानाने कमी काळजी वाटते. इंजिन उतरवून बांधता येतं. पत्रा सडला तर गाडी गेली. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, खालचा पत्रा हाच त्यांचा सांगाडा. तेव्हा मॅट उचलून फ्लोअर बघा, दरवाजांखालच्या पट्ट्या, जॅक लावायची जागा, डिकीचा तळ. खिशात एक चुंबक ठेवा, जिथे ते चिकटणार नाही तिथे रंगाखाली पुटी भरलेली आहे. चकचकीत नव्या रंगाच्या गाडीपेक्षा मळकट, जुन्याच रंगाची गाडी मला जास्त विश्वासाची वाटते. तिने काही लपवलेलं नसतं.

पद्मिनीबद्दल एक खास इशारा. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. त्याआधीच्या हजारो गाड्यांतल्या काही रंग बदलून घरगुती म्हणून विकायला येतात. तुमची गाडी एकाच घरातली आहे म्हणता, चांगलंच आहे. तरी बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात आणि डॅशबोर्डखाली काळा-पिवळा रंग डोकावत नाही ना, हे बघून घ्यायला काय जातं? अ‍ॅम्बेसेडरमध्ये दुसरी तपासणी. कित्येक अ‍ॅम्बेसेडरांत मधल्या काळात मेटॅडोरचं किंवा दुसरं कुठलं डिझेल इंजिन बसवलं गेलं, काहींत परत पेट्रोल आलं. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नसेल तर गाडी कितीही गोड असली तरी मागे फिरा.

कागदपत्रांवर जरा थांबतो, कारण तुमच्या बेतातला मोठा घोळ तिथे आहे. व्हिंटेजचा केंद्रीय नियम २०२१ चा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. पद्मिनी पन्नाशीत पोचेल २०२८ ला, अ‍ॅम्बेसेडर २०३४ ला. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. इथवर ठीक. पण हा नंबर घेतला की गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे जो नंबर तुम्हाला बक्षीस वाटतो, तो लागल्या दिवशी तुमची प्रीतिसंगमाची रविवारची फेरीसुद्धा अडचणीत येते. गाडी चालवायची असेल तर साधी नोंदणीच बरी: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी, नूतनीकरणाची फी आणि आपल्या राज्याचा पर्यावरण कर. जुन्या गाड्यांची ही फी गेल्या काही वर्षांत बरीच चढली आहे; सौद्याच्या आधी आरटीओत जाऊन चालू दर विचारा आणि किमतीत धरा. दोन्ही गाड्या एमएच मालिका येण्याआधीच्या, म्हणजे तीन अक्षरी नंबराच्या असणार. अशा कित्येक नोंदी जुन्या वह्यांतच राहिल्या आहेत, संगणकावर चढलेल्याच नाहीत. ऑनलाइन नोंद दिसत नसेल तर ती चढवून घेण्याचं काम विकणाऱ्याने करायचं, आणि ते झाल्यावरच पैसे द्यायचे. नंतर तुम्ही एकटेच खिडकीपुढे उभे असता.

लग्नांना भाड्याने देण्याचा विचार सोडूनच द्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, त्याला परवाना लागतो. वाटेत काही झालं तर विमा कंपनीही तेच कारण पुढे करेल. भाच्याच्या लग्नात नवरदेव मिरवा, हवं तेवढं. विम्याचं निघालंच आहे तर: पाच वर्षांहून जुन्या आणि बंद पडलेल्या मॉडेलची किंमत तुम्ही आणि कंपनीने मिळून ठरवायची असते. फोटो, कामाची बिलं दाखवून ती ठरवून घ्या, नाही तर भंगाराचा आकडा टाकतील.

या गाड्या "गुंतवणूक" आहेत असं कुणी सांगितलं असेल तर त्यालाच एक घ्यायला सांगा. खरेदीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवता येत नसेल तर गाडी परवडणारी नाही, असा माझा ढोबळ हिशेब आहे. टायर, ब्रेकच्या नळ्या आणि सिलिंडर, वायरिंग, पेट्रोलची टाकी धुणं, यात ते पैसे कुठे जातात कळत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुन्या रबराच्या नळ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर त्याने फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनाशेजारी पेट्रोल झिरपणं हा काही गमतीचा विषय नाही. गाडी दारात आल्याबरोबर इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घाला. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून टाकी भरून गाडी तीन-तीन महिने उभी ठेवू नका. आठवड्याला थोडी तरी फिरवा. उन्हाळ्यात पंपात पेट्रोलची वाफ अडकून गाडी बंद पडली तर घाबरायचं नाही, पंपावर ओला फडका टाकून पाच मिनिटं थांबायचं. हे वडिलांना विचारा, ते आणखी चार युक्त्या सांगतील.

आणि वडिलांना दुसरंही काही तरी विचारा. तुम्ही लिहिलंत, अ‍ॅम्बेसेडरचं नाव काढलं की ते "नुसते हसतात". त्या हसण्याचा अर्थ तुम्ही होकार असा लावला आहे. मला तेवढी खात्री नाही. ती गाडी साहेबांची होती. ती धुवायची, पुसायची, पहाटे उठून गरम करून ठेवायची, आणि साहेब मीटिंगमध्ये असताना झाडाखाली थांबायचं. अशा माणसाला ती परत दारात हवी असेल, किंवा अजिबात नको असेल. कदाचित एकदा मागच्या सीटवर बसून बघायची असेल. यातलं काय खरं ते मला इथून कळणार नाही, तुम्हालाही विचारल्याशिवाय नाही. ऐंशीव्या वर्षी माणूस मुलाची हौस मोडू नये म्हणूनही हसतो.

गाडीत चढण्या-उतरण्याचं बघायचं तर अ‍ॅम्बेसेडर त्यांना सोपी जाईल, हे मान्य. सीट उंच आणि बाक रुंद, गुडघे फार न दुमडता आत बसता येतं. पद्मिनी बसकी आणि अरुंद. पण दोन्ही गाड्यांत त्यांना खरोखर बसवून, उतरवून बघा. पाचदा. अंदाजावर ठरवू नका.

माझा कौल विचाराल तर पद्मिनी, तीन अटींवर: वॅगनआर राहते, मिस्त्री गाडी बघून हो म्हणतात, आणि वडिलांनी तोंडाने अ‍ॅम्बेसेडर मागितलेली नाही. त्यांनी मागितली तर मी लगेच पक्ष बदलेन. कोल्हापूरचा खर्च, ती पेठेतली वळणं, सगळं सोसून अ‍ॅम्बेसेडर घ्या, पण मग तिथला मिस्त्री आधी शोधा आणि घाई करू नका. २०१४ च्या मे महिन्यापर्यंत ती उत्तरपाड्यात बनत होती, बाजारात अजून पुष्कळ आहेत, शेवटचे पार्टही कोलकात्याच्या मलिक बाजारातून येतात. पद्मिनी मात्र आता चांगल्या पत्र्याची मिळणं अवघड होत चाललंय, आणि तुमच्यासमोर एकाच घरात राहिलेली एक उभी आहे.

तुमच्यासारखंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्या इतरांना: गाडी कुठलीही असो, अगदी पद्मिनीच्या आधीची गोलसर 'डुक्कर' फियाट का असेना, गावात तिचा मिस्त्री, छप्पर असलेली जागा आणि घरात दुसरं वाहन, या तिन्हींपैकी एक जरी कमी असेल तरी थांबा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर छपराशिवाय विचारच करू नये. आणि प्लॅस्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतो आणि पत्रा त्याच्याने जास्त लवकर जातो.

कोल्हापूरच्या गाडीला इसार दिला नसेल तर तूर्त देऊ नका. पुण्याच्या मालकांना फोन करून आरसी बुकाचे आणि इंजिन-चासी नंबरांचे फोटो मागवा, ते आले की मिस्त्रींचा मोकळा वार विचारून जायचा दिवस ठरवा. जाताना पत्नीलाही न्या. परतीच्या ट्रायलला मागे त्यांना बसवा आणि त्या काय म्हणतात ते ऐकून मगच किमतीचं बोला.